जाळं कापणारे हात

माझ्या लहानपणी मालवणात, आमच्या नात्यातल्या एका घरी, पडवीतून माजघरात जाणाऱ्या दारावर काचेची एक चौकट टांगलेली असे. आत काळपट, बारीक जाळीचं, पिंपळाच्या वाळून उरलेल्या पानासारखं काहीतरी पसरून लावलेलं होतं आणि काचेच्या कोपऱ्यात हळदकुंकवाचा ठिपका होता. त्याला ‘इंद्रजाल’ म्हणत. ते दारावर असलं की घराला दृष्ट लागत नाही, करणी चालत नाही, असा समज. आम्हा पोरांना ती रानातली कुठलीतरी दुर्मीळ वनस्पती वाटायची. मोठ्यांनाही तसंच वाटत असावं.

ती वनस्पती नव्हती. तो समुद्रपंखा होता. समुद्राच्या तळाशी खडकाला धरून वाढणाऱ्या असंख्य सूक्ष्म जीवांची ती वसाहत, प्रवाळाच्या नात्यातली. कधीतरी जाळ्यात अडकून वर आली, वाळली, कुणीतरी विकली, कुणीतरी देवघराच्या सामानासोबत विकत घेतली. २००१ साली भारत सरकारने समुद्रपंखे, प्रवाळ, समुद्री घोडे, समुद्री काकड्या आणि शार्क-पाकटांच्या काही जाती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातल्या. ज्या अनुसूचीत वाघ आहे, त्याच अनुसूचीत. पुढे २००३ साली, घरात अशा वस्तू असतील तर त्या जाहीर करायला लोकांना १८० दिवसांची मुदत मिळाली. मुदत आली आणि गेली. मालवणच्या त्या घरात कुणाला याची वार्ताही नव्हती. चौकट दारावरच राहिली आणि वर्षानुवर्षं तिला हळदकुंकू लागत राहिलं.

या पुस्तकाची प्रस्तावना लिहायला बसलो तेव्हा ती चौकट सगळ्यात आधी आठवली. तस्करी म्हटलं की आपल्याला दूरच्या बंदरातले कंटेनर, हस्तिदंत, गेंड्याचं शिंग आठवतं. पण तिचं एक टोक आपल्या ओटीवर असू शकतं, आणि तिथे कुणाच्या मनात पापाचा लवलेशही नसतो. इंद्रजाल आजही विकलं जातं, पूर्वीपेक्षा सोपेपणाने, कारण आता त्याला फोनच्या पडद्यावरचं दुकान मिळालं आहे. वास्तुदोष घालवणारी ‘दुर्मीळ वनस्पती’ म्हणूनच ते अजूनही खपतं. त्याच्या जोडीला ‘हत्था जोडी’ असते. तीही मूळ म्हणूनच विकली जाते, आणि प्रत्यक्षात तो घोरपडीच्या नराचा कापून वाळवलेला अवयव असतो. खरेदी करणाऱ्याला आपण काय घेतो आहोत हे कळू नये, यावरच हा सगळा बाजार उभा आहे.

या संग्रहातल्या लेखांचे विषय दोन आहेत. वन्यजीवांची तस्करी रोखण्यासाठी देशपातळीवर चाललेले प्रयत्न हा एक, आणि संरक्षित क्षेत्रांचा कारभार हा दुसरा. सरकारी दप्तरात ही दोन वेगळी खाती आहेत. एकाचा संबंध पोलिसांशी, कस्टमशी आणि न्यायालयाशी, तर दुसऱ्याचा नकाशे, आराखडे आणि वनरक्षकांच्या गस्तीशी. मालवणच्या धक्क्यावर उभं राहिलं की मात्र ती वेगळी राहत नाहीत. कासव जाळ्यात आलं, समुद्रपंखा वर आला, पाण्यावर तरंगणारा मेणकट गोळा दिसला, तर ते पाहणारा पहिला माणूस एकच असतो. तो होडीवर असतो, पहाटेची वेळ असते, आणि आसपास कायद्याचा एकही माणूस नसतो. त्या क्षणी तो काय करतो, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. मला या प्रस्तावनेत जे म्हणायचं आहे ते एवढ्यापुरतंच आहे: त्या माणसाला आपण आपल्या बाजूला उभं केलं आहे का?

तो मेणकट गोळा म्हणजे अंबरग्रीस. वर्तमानपत्रं त्याला ‘व्हेल माशाची उलटी’ म्हणतात. व्हेल मासा नव्हे आणि ही बहुधा उलटीही नव्हे. स्पर्म व्हेल हा सस्तन प्राणी माकूळ आणि त्याच्या जातभाईंवर जगतो. त्यांच्या चोचीचे कठीण तुकडे पचत नाहीत. आतड्यात त्यांच्याभोवती मेणासारखा पदार्थ साचत जातो, आणि तो बाहेर पडल्यावर वर्षानुवर्षं समुद्रावर तरंगत, उन्हात भाजत राहतो. अत्तराचा सुवास टिकवण्यासाठी त्याला शतकानुशतकं मागणी आहे. काही देशांत किनाऱ्यावर सापडलेला तुकडा विकता येतो. वन्यजीवांच्या व्यापाराबद्दलचा आंतरराष्ट्रीय करारही नैसर्गिकरीत्या बाहेर पडलेल्या अंबरग्रीसला प्राण्याचं उत्सर्जित मानून सोडून देतो. आपल्याकडे तसं नाही. भारतात स्पर्म व्हेल संरक्षित आहे, आणि त्याच्या शरीरातून आलेला हा पदार्थ बाळगणं, विकणं हा गुन्हा आहे. गेल्या काही वर्षांत सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीतून अंबरग्रीस पकडल्याच्या बातम्या पुन्हा पुन्हा आल्या. प्रत्येक बातमीत कोटींचा आकडा ठळक अक्षरांत असतो. मला त्या आकड्याची भीती वाटते. जप्तीची बातमी वाचून दहा माणसं सावध होतात, आणि त्याच बातमीतला आकडा वाचून एखादा अकरावा कामाला लागतो. असा मुद्देमाल खुल्या बाजारात विकताच येत नाही, मग त्याचा भाव कुणी आणि कसा ठरवला? माध्यमांनी हा आकडा छापणं थांबवलं तर बरं होईल.

इथे कायद्याचं एक कलम मच्छीमारांना समजावून सांगायला हवं, आणि ते फारसं कुणी सांगत नाही. कलम ५७ म्हणतं की संरक्षित प्राण्याचा अवयव किंवा त्याच्यापासूनची वस्तू एखाद्याच्या ताब्यात सापडली, तर तो ताबा बेकायदा आहे असंच धरलं जाईल. तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्याकडे ती सापडली त्याच्यावर. तस्कराला पकडण्यासाठी हे कलम गरजेचं आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तरंगणारा गोळा कुतूहलाने होडीत घेणाऱ्या खलाशालाही तेच कलम लागू होतं. त्याने तो घरी नेला, चार दिवस न्हाणीघराच्या मागे ठेवला, कुणाला तरी फोटो पाठवून ‘हे काय असेल’ असं विचारलं, की तो माणूस आणि दलाल यांच्यातलं अंतर कायद्याच्या नजरेत पुसट होतं. म्हणून पहिला फोन कुणाला करायचा, वनखात्याला की ओळखीच्या ‘पार्टी’ला, हा प्रश्न निर्णायक ठरतो. ज्या खात्याची आपल्याला धास्ती वाटते त्याला माणूस फोन करत नाही.

समुद्राकडे पाठ करून सह्याद्रीकडे तोंड केलं तरी गोष्ट तीच आहे. सावंतवाडी, दोडामार्ग, कुडाळ, वैभववाडीच्या रानात खवले मांजर आहे. रात्री हिंडणारं, वाळवी-मुंग्यांवर जगणारं, दात नसलेलं, घाबरलं की अंगाचा चेंडू करणारं हे जनावर. बिबट्यापुढे ही युक्ती चालते. माणसापुढे तीच घातक, कारण चेंडू नुसता उचलून पोत्यात टाकता येतो. त्याचे खवले म्हणजे आपल्या नखांतलाच पदार्थ, केराटीन. त्यात औषधी गुण असल्याचा पुरावा नाही. तरी आशियातल्या बाजारांनी आधी आपल्या जवळची खवले मांजरं संपवली आणि मग आफ्रिकेकडे हात लांबवले. २०१६ साली जगातल्या आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. त्यानंतरही, एप्रिल २०१९ मध्ये सिंगापूरच्या अधिकाऱ्यांनी नायजेरियाहून आलेल्या एकाच कंटेनरमधून जवळपास १३ टन खवले पकडले. सुमारे १७ हजार प्राण्यांचे. तिथले प्राणी संपत आले की दलाल नवं रान शोधतो, आणि ते रान कोकणातलंही असू शकतं. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने कोकणात खवले मांजरासाठी गावोगावी जे काम केलं ते याच कारणासाठी मोलाचं. ज्याच्या काजूच्या बागेत खवले मांजराचं बीळ आहे त्याला ते ठाऊक असतं. दलालाला ते त्याच्याकडूनच कळतं. या साखळीत पहिल्या माणसाला मिळतात ते पैसे सगळ्यात कमी, आणि तुरुंगात सगळ्यात आधी जातो तोच. मांडूळ सापाच्या बाबतीतही हेच. पैशांचा पाऊस पाडणारा दुतोंड्या साप अशी अफवा, त्या अफवेवर उठलेला बाजार, आणि त्या बाजारासाठी बरणीत कोंडलेला एक निरुपद्रवी, उंदीर खाणारा, शेतकऱ्याच्या उपयोगाचा साप.

देशाने यासाठी काय उभं केलं, याचा तपशील पुढच्या लेखांत येईलच. इथे धावती नोंद पुरे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा हा पाया. वन्यजीवांच्या व्यापाराबद्दलचा ‘साइटीस’ हा आंतरराष्ट्रीय करार १९७५ पासून अमलात आला आणि १९७६ साली भारत त्यात सामील झाला. २००६ ची कायद्यातली दुरुस्ती होऊन २००७ साली वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरो स्थापन झाला. त्याच्या पश्चिम विभागाचं काम मुंबईहून चालतं. २०१७ ते २०३१ अशा पंधरा वर्षांसाठीच्या राष्ट्रीय वन्यजीव कृती आराखड्यात शिकार आणि अवैध व्यापार हे वेगळं प्रकरण आहे, तसंच किनारा आणि समुद्र हेही आहे. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिने सहा अनुसूचींच्या चार केल्या, साइटीसमधल्या जातींसाठी स्वतंत्र अनुसूची आणली आणि दंड वाढवला. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या गुन्ह्याला आज किमान ३ आणि कमाल ७ वर्षांची कैद आहे, शिवाय किमान २५ हजारांचा दंड.

कागद भक्कम आहेत. खटले मात्र तेवढे भक्कम नसतात, आणि त्याची कारणं नाट्यमय नाहीत. या कायद्याखालचा खटला पोलिसांच्या नेहमीच्या आरोपपत्रावर उभा राहत नाही. अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने न्यायालयात तक्रार दाखल करावी लागते. जप्त झालेली वस्तू खरोखर त्याच प्राण्याची आहे हे प्रयोगशाळेने सांगावं लागतं, आणि त्यासाठी नमुने बहुतेक वेळा देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेकडे किंवा हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्राकडे पाठवावे लागतात. पंचनाम्यात वजन वेगळं, लाखबंद पाकिटावर वेगळं, एवढं पुरतं. वर्षं उलटतात, पंचांपैकी एक मुंबईला जातो, वनपालाची बदली होते. तस्करीविरोधी प्रयत्न बळकट करायचे म्हणजे नवी कलमं घालायची, असा आपला समज आहे. माझ्या मते पैसा आणि मेहनत घालायची असेल तर ती जप्तीनंतरच्या पहिल्या तासात घालावी. पंचनामा नीट लिहिणारा वनरक्षक, त्याच्याकडे एक अचूक काटा, नमुना ठेवायला योग्य डबा. याला उद्घाटनाचा समारंभ होत नाही, म्हणून ते मागे पडतं.

आता मालवणच्या हद्दीकडे येतो. या पुस्तकाचा जीव माझ्या मते तिथे आहे.

१३ एप्रिल १९८७ रोजी मालवणच्या समुद्रात महाराष्ट्राचं पहिलं सागरी अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा ३.१८२. गाभ्यात सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि भोवतालचे खडक येतात. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर ज्या किल्ल्याचा पाया घातला, त्याच्याच तटाखाली, ओहोटीच्या पाण्यात, जिवंत प्रवाळ आहे. किल्ला बघायला येणाऱ्या लाखोंपैकी बहुतेकांना आपण काय ओलांडून आलो याची कल्पना नसते. उथळ पाण्यात, गाळ आणि पावसाळ्यातलं गोडं पाणी सोसत, लक्षद्वीपच्या मानाने अगदी खडतर जागी हे प्रवाळ टिकलं आहे. त्याला संरक्षण द्यायला हवं होतं, यात वाद नाही.

वाद झाला तो दिलं कसं याबद्दल. ज्या पाण्यावर गाबित समाजाच्या पिढ्या रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत आल्या, होड्या सोडत आल्या, त्या पाण्यावर एक रेघ आली. रेघेच्या आत काय चालेल, काय चालणार नाही, उद्या काय होईल, हे नीट सांगायला कुणी वस्तीत बसलं नाही. जंगलातलं अभयारण्य म्हणजे माणसांनी बाहेर व्हायचं, एवढं लोकांनी ऐकलं होतं. समुद्रातल्या अभयारण्याचा त्यांनी तोच अर्थ लावला. विरोध उभा राहिला आणि तो दशकांनी मोजावा इतका टिकला. ‘समुद्राक खय हद्द असता?’ हा प्रश्न मालवणच्या कुठल्याही वाडीत ऐकायला मिळेल, आणि तो अडाणीपणातून आलेला नाही. हद्द या माणसांना चांगली कळते. रापण कुठल्या वाडीने कुठे टाकायची याचे पिढीजात संकेत होते. पावसाळ्यात होड्या वर ओढून, नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय दर्यात न जाण्याची रीत, सरकारने १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी घालण्याच्या कितीतरी आधीची आहे. माशांच्या विणीचा काळ सोडून देणं हा त्यांचा धर्म होता. ज्यांच्याकडे स्वतःची बंदी पाळण्याची एवढी जुनी शिस्त होती, त्यांच्याशी बंदीबद्दल बोलायला १९८७ साली सुरुवात करता आली असती.

गंमत नव्हे, दुःख असं की कायद्याला नंतर हे उमगलं. १९९१ च्या दुरुस्तीने आलेलं कलम २६-अ सांगतं की प्रादेशिक समुद्राचा भाग अभयारण्यात घ्यायचा असेल, तर स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपण्याची पुरेशी तजवीज करून मगच हद्द ठरवावी. मालवणची अधिसूचना निघून तेव्हा चार वर्षं झाली होती. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेने मालवण हे अतिसंवेदनशील किनारी क्षेत्र म्हणून नोंदवलं, आणि अशा क्षेत्रांचं व्यवस्थापन मच्छीमारांना सोबत घेऊन करायचं असंही त्यात लिहिलं. म्हणजे कायदा दोनदा म्हणाला, विचारून करा. पण पहिल्या भेटीत जे बिघडतं ते दुरुस्त्यांनी सहज जुळत नाही. ‘सर्वेक्षण’ हा शब्द उच्चारला तरी लोकांच्या कपाळावर आठी चढायची, ती त्यातूनच.

त्यात बाहेरचा अन्याय मिसळला. पारंपरिक मच्छीमाराचं गाऱ्हाणं अभयारण्याबद्दल जेवढं आहे त्याहून कितीतरी मोठं पर्ससीन जाळ्यांबद्दल आणि रात्री प्रखर दिव्यांनी मासळी गोळा करणाऱ्या बोटींबद्दल आहे. बांगडा-तारलीचा आख्खा थवा एका फेऱ्यात उचलला जातो आणि रापणीच्या वाट्याला पेडवेही येत नाहीत. राज्याने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आणले, केंद्राने २०१७ मध्ये दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली, तरी किनाऱ्यावरून रात्री क्षितिजावर उजेड दिसतच राहिला. गिलनेटवाल्याला आपण सांगतो, समुद्रपंखा वर आला तर परत टाक, तो पहिल्या अनुसूचीत आहे. तो त्या उजेडाकडे बोट दाखवतो. त्याला उत्तर दिल्याशिवाय समुद्रपंख्याची गोष्ट पुढे सरकत नाही. संरक्षित क्षेत्राचा कारभार हद्दीच्या आतच पाहायचा असतो असं मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. पर्यटनाचंही तसंच. स्नॉर्कलिंगच्या होडीचा नांगर प्रवाळावर पडतो, हौशी पाय त्यावर उभे राहतात. होड्या बांधायला कायमचे तरंगते बोये आणि पायाखाली काय आहे हे सांगणारा वाटाड्या, एवढ्याने बरंच नुकसान टळेल. हे वाटाडे कोळ्यांचीच पोरं आहेत, आणि प्रवाळ जगलं तर त्यांचा धंदा जगेल हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

दरम्यान चांगलंही घडलं, आणि ते मनापासून सांगायला हवं. २०१२ साली राज्याने वनखात्यात कांदळवन कक्ष स्थापन केला. त्याच सुमारास संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर एक प्रकल्प सुरू झाला आणि २०१७ पर्यंत चालला. त्याने पहिल्यांदा प्रश्न उलटा विचारला: इथल्या माणसाचा धंदा कसा केला तर समुद्रही टिकेल? ट्रॉलरच्या जाळ्याच्या टोकाला चौकोनी आसाची जाळी लावली, म्हणजे बारकी मासळी निसटून जाते. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचतगटाच्या बायका होडीतून कांदळवनाची सफर घडवू लागल्या. खाडीत खेकडे आणि कालवं पाळण्याचे प्रयोग झाले. सगळेच टिकले नाहीत. पण वनखात्याचा माणूस वस्तीत येऊन खुर्चीवर न बसता ओट्यावर बसला, हे लोकांनी पाहिलं.

मग २०१८ च्या डिसेंबरात मत्स्यव्यवसाय विभाग आणि कांदळवन कक्षाने मिळून एक योजना आणली. ती मला गेल्या चाळीस वर्षांतली या किनाऱ्यावरची सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते. जाळ्यात कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क असा संरक्षित जीव सापडला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला जिवंत सोडलं, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. पुरावा म्हणून फोटो किंवा चित्रफीत. एवढंच. पण या एका निर्णयाने त्या माणसाला संशयिताच्या जागेवरून साक्षीदाराच्या जागी आणलं. जी पहाट आणि जी होडी मी वर सांगितली, तिथे त्याच्या हातात आता कोयता आहे आणि तो जाळ्यावर चालतो. कोकणभरच्या मच्छीमारांनी कासवं सोडली, व्हेल शार्क सोडले, आपल्या फोनवर त्यांचं पोहत जाणं टिपलं. ‘गादा’ म्हणजे डॉल्फिन जाळ्यात आला तर पूर्वीही हळहळ होती. आता हळहळीच्या मागे कुणीतरी उभं आहे.

गुजरातचा अनुभव इथे आठवावा. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर यकृताच्या तेलासाठी व्हेल शार्क मारले जात. माइक पांडे यांच्या २००० सालच्या माहितीपटाने ते जगापुढे आलं, आणि २००१ साली व्हेल शार्क हा पहिल्या अनुसूचीत आलेला देशातला पहिला मासा ठरला. बंदीने मात्र मारणं आपोआप थांबलं नाही. ते थांबलं २००४ नंतर, जेव्हा मोरारी बापूंनी कोळ्यांना सांगितलं की हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे. गुजरातीत ‘व्हाली’, लाडकी. माहेरवाशिणीला कोण मारतो? त्या किनाऱ्यावरही जाळी कापली गेली आणि त्यांचीही भरपाई मिळाली. भावना आणि पैसा दोन्ही लागले, एकट्याने भागलं नाही. आपल्याकडे भरपाई आली आहे. मालवणीत ती माहेरवाशिणीची गोष्ट कोण सांगणार, हे अजून ठरायचं आहे. दशावतारी नटांपासून शाळेतल्या बाईंपर्यंत कुणीही सांगू शकेल.

माहितीचा अभाव किती महाग पडतो, याचं एक उदाहरण मनात घर करून आहे. २०२२ च्या मार्चमध्ये मालवणच्या किनाऱ्यावर भलामोठा करवत मासा आल्याची चित्रफीत देशभर फिरली. सोंडेला करवतीचे दात असलेला हा प्राणी जगातून नाहीसा होत चालला आहे, आणि तोही २००१ पासून पहिल्या अनुसूचीत आहे. किनाऱ्यावर जमलेल्यांच्या डोळ्यांत कुतूहल होतं. अपराधाची जाणीव त्यात कुठे दिसली नाही, कारण जाणीव असायला आधी कुणी सांगावं लागतं. या भागातल्या माणसाला मोरी आणि मुशी, म्हणजे शार्क, पुरती ठाऊक आहे. मोरीचं मटण हा इथला मानाचा पदार्थ आहे आणि तो खाण्यावर बंदी नाही. पण कुठली मोरी चालते, कुठली नाही, पंखांच्या निर्यातीवर २०१५ पासून बंदी आहे, आणि २०२२ च्या पनामातल्या बैठकीत मुशीच्या आख्ख्या कुळाचा परदेशी व्यापार साइटीसच्या नियंत्रणाखाली आला आहे, हे लिलावाच्या जागी मराठीत, चित्रांसह, मोठ्या अक्षरांत लागलेलं असायला हवं. मासळी बाजारातली बाई एका नजरेत मासा ओळखते. तिच्याइतका तज्ज्ञ निरीक्षक कुठल्याही चौकीवर सापडणार नाही.

हद्दींबद्दल एक शेवटची गोष्ट. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा बुडालेला प्रवाळाचा पठारी भाग आहे. त्यालाही संरक्षण देण्याची चर्चा चालू आहे. डोंगरात तिलारीचं संवर्धन राखीव क्षेत्र २०२० मध्ये जाहीर झालं, आंबोली-दोडामार्गचं त्यानंतर. ही सगळी तुकड्यांची कामं आहेत आणि तुकडे हवेतच. पण २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर पंखाला बिल्ला लावलेली एक ऑलिव्ह रिडले मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. आख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालून ती आली. वाटेत किती अभयारण्यं लागली असतील? बहुतेक वाट तर कुठल्याच हद्दीत नव्हती. त्या वाटेवर होती ती जाळी, आणि ती टाकणाऱ्या होड्यांवरची माणसं. कुणीतरी तिला सोडलं असेल, किंवा ती कुणाच्या जाळ्यात आलीच नसेल.

म्हणून पुढचे लेख वाचताना वाचकाने होडीवरच्या तांडेलाच्या जागी बसून पाहावं, अशी माझी विनंती आहे. कायद्याच्या चर्चेतही आणि व्यवस्थापन आराखड्याच्या तक्त्यांतही. मालवणच्या दांडी किनाऱ्यावर सकाळी गेलात, तर होडीच्या सावलीत कुणीतरी जाळं सांधत बसलेला दिसेल. आसामागून आस, सुईने गाठ मारत. कासवाने केलेलं भोक आणि कासवासाठी कापलेलं भोक वेगळं ओळखू येतं. कापलेल्याच्या कडा सरळ असतात. तेवढा तुकडा विणायला दिवस जातात आणि त्या दिवसांत होडी वाळूवर असते. भरपाईची योजना जाळ्याचे पैसे देते, या दिवसांचे देत नाही. योजना सुधारायला बसाल तेव्हा ते दिवसही मोजा.